करंजवृक्ष आणि श्रेणीची ठेव

धम्माच्या इतिहासात दानाचा विचार करताना आपले लक्ष लेणी, स्तूप व चीवर यांकडे जाते. वृक्षदान उपेक्षित राहते. म्हणून जुन्नर येथील एका लहानशा प्राकृत शिलालेखाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत जुन्नर हे नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील संपन्न नगर होते. तेथील या लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाचे दान नोंदले आहे : वडालिका येथील २० निवर्तने भूमी करंजवृक्षांच्या लागवडीसाठी व कटपुतक येथील ९ निवर्तने वडांच्या लागवडीसाठी. ही ठेव त्याने कोणाचिक श्रेणीकडे, म्हणजे एका व्यवसायसंघाकडे, सोपविली.

अशा ठेवीस अक्षयनीवी म्हणत. तिचे स्वरूप नाशिकच्या लेणे क्र. १० मधील उषवदाताच्या लेखावरून स्पष्ट होते. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. मूळ रक्कम मोडावयाची नाही. वर्षाच्या २४० कार्षापण व्याजातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे.

जुन्नरच्या लेखात मधमाशीचा उल्लेख नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि करंज ऐन उन्हाळ्यात फुलतो, त्या वेळी मधमाश्यांना इतर फुले दुर्मीळ असतात. वडाचे परागीभवन तर एका विशिष्ट सूक्ष्म गांधीलमाशीवाचून होतच नाही. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात वने व उपवने लावणाऱ्यांचे पुण्य अहोरात्र वाढते असे सांगितले आहे. धम्मपदाच्या पुप्फवग्गात फुलाला इजा न करता रस घेणारा भ्रमर मुनीचा आदर्श ठरला आहे. या दोन वचनांचा मेळ आपण कृतीत घालावयास हवा.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा नाही. करडई, तीळ, सूर्यफूल या मराठवाड्याच्या पिकांना आग्या, सातेरी व फुलोरी माश्यांचे साहाय्य लागते, आणि शहर वाढले की त्यांची झाडे आधी तुटतात. २०१९ साली राज्य शासनाने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. आडुथुमाच्या लेखात झाडांची संख्या नाही. भूमी किती व ठेव कोणाकडे, एवढेच आहे. आमच्या मते हाच भेद निर्णायक होय. रोप लावण्यास एक दिवस पुरतो. ते जगविण्यास तीन-चार उन्हाळे पाणी घालावे लागते.

हिंगोलीतील विहारांच्या प्रांगणात व कयाधूच्या काठी करंज, वड, पळस, कडुनिंब, जांभूळ लावावयाचे असतील, तर उपासक-उपासिकांनी वर्गणी रोपांवरच खर्चून टाकू नये. तिची ठेव करावी, व्याज पाण्यासाठी व राखणदारासाठी वापरावे आणि हिशेब दर पौर्णिमेस विहारात वाचून दाखवावा. मूळ ठेव अभंग राहिली, तर लावणाऱ्यांच्या मागेही झाडांना पाणी मिळत राहील.