ताईची शाळा

डिसेंबरात मोर्शीला गेलो होतो. दुपारी ताई नातवाला अंगणवाडीतून आणायला निघाली, मीही सोबत गेलो. वाटेत ती एकदम म्हणाली, "तुह्यापायी माही शाळा सुटली, मालूम हाये ना तुले?" हसतच म्हणाली. मला मालूम होतं, पण इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर ते कुणी बोललं नव्हतं.

गोष्ट १९७६ची. मी दीड-दोन वर्षांचा. माय लोकांच्या वावरात निंदनाला जायची, नंतर कापूस वेचायला. ताई दुसरीत. ती मला कडेवर घेऊन शाळेत जायची. मी वर्गात रडायचो. एक दिवस मास्तर म्हणाले, पोट्टं घरी ठेवून येत जा. घरी कोणाजवळ ठेवणार? ताई दुसऱ्या दिवशीपासून गेलीच नाही. थोरल्या भावाची शाळा मात्र चालू राहिली, हे सांगायला नकोच.

मास्तरांचा राग येत नाही आता. त्यांच्यापुढे चाळीस पोरं होती. पण याच अडचणीचं उत्तर एका बाईंनी आपल्याच राज्यात, आमच्या जन्माआधी, शोधून ठेवलं होतं हे नंतर वाचलं तेव्हा चरचरलं. आणि त्या बाई एके काळी मोर्शीपासून पन्नास-साठ किलोमीटरवर राहत होत्या!

ताराबाई मोडक. मूळच्या मुंबईच्या, जन्म १८९२चा. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न करून त्या इकडे आल्या. संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या, तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे. मॉंटेसरींची पद्धत त्या तिथे शिकल्या. १९२६ला नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण हे सगळं शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांसाठी होतं. म्हणून १९४५ला, पन्नाशी उलटलेली असताना, त्या समुद्राकाठच्या बोर्डी गावात गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, तर गरिबांच्या वस्तीतली मुलं येईनात. मग या दोघी वस्तीतच गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, हातपाय-तोंड धुवायचं, केस विंचरायचे, गाणी म्हणायची. मॉंटेसरींची महागडी साधनं कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, खडे यांवर भागवायचं. शाळा अंगणात गेली म्हणून ती 'अंगणवाडी'. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. १९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं.

मला त्यांची सगळ्यात आवडलेली कल्पना मात्र 'विकासवाडी'. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण धाकट्याला घेऊन येणार हे गृहीतच धरलेलं. धाकटा पाळणाघरात, बहीण वर्गात. इतकं साधं.

ताराबाई १९७३ला गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ला सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली आणि केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. लस, पूरक आहार, तपासणी, तीन ते सहा वर्षांच्यांसाठी गाणी-गोष्टी... काम मोठंच झालं, त्याला नावं ठेवणार नाही. पण शब्द घेताना पाळणाघर मागे राहिलं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी आहार घरी न्यायचा. माय वावरात असताना ते कुणाजवळ, हा प्रश्न तसाच.

२०१६ला 'लॅन्सेट'मध्ये आलं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पाच वर्षांखालची जवळपास २५ कोटी मुलं आपल्या पूर्ण वाढीला मुकण्याच्या धोक्यात आहेत. २०१८ला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँकेने मुलाला लागणाऱ्या पाच गोष्टी मांडल्या: आरोग्य, पोषण, सुरक्षितता, लहानपणापासूनचं शिकणं, आणि मुलाच्या हाकेला ओ देणारं माणूस. हे शेवटचं वाचलं आणि मला ताई दिसली. माझ्या वाट्याला ते माणूस आलं होतं. तेव्हा ते आठ वर्षांचं होतं आणि त्याला स्वतःला बाराखडी पुरती यायची होती.

२०२२पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवायचं ठरलं आहे. म्हणजे विकासवाडीच्या दिशेने अर्धी वाट, सत्तरेक वर्षांनी. असो.

त्या दिवशी अंगणवाडीच्या दारात एक आठ-नऊ वर्षांची पोर उभी होती, कडेवर शेंबडं बाळ. धाकट्या भावाला न्यायला आली होती.

"शाळा नाही का वं आज?" ताईने विचारलं.

"हाये. पण माय संत्री तोडाले गेली."

ताई काही बोलली नाही. पदराने आधी बाळाचं नाक पुसलं, आणि त्याला आपल्या कडेवर घेतलं.

"घर कुठं हाये तुहं? चाल, मी येतो."