वनोपजाची खूण : हातोड्यापासून उष्णतेच्या छपाईपर्यंत

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतून सागवानाचा ओंडका, बांबूचे बंडल किंवा तेंदूपानांचे पोते बाहेर पडते, तेव्हा तो माल कोणत्या जंगलातला आणि कोणाच्या परवानगीने निघाला, हे सांगणारी खूण त्याच्यासोबत असावी लागते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६९ नुसार एखादे वनोपज सरकारचे आहे की नाही असा प्रश्न उठल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच असल्याचे गृहीत धरले जाते. त्यामुळे जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसालाही स्वतःच्या मालाची मालकी सिद्ध करावी लागली. ही खूण कशावर आणि कशाने उमटते, आणि ती उमटवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या प्रश्नांच्या उत्तरांत या प्रदेशाच्या वनव्यवहाराचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

या खुणांपैकी सर्वांत टिकाऊ खूण म्हणजे हातोड्याची. लोखंडी हातोड्याच्या तोंडावर उलटी कोरलेली अक्षरे किंवा चिन्हे ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर एका घावात उमटवली जात आणि आलापल्लीच्या जंगलातले सागवान अशा खुणा घेऊनच बल्लारशाच्या लाकूड आगारात लिलावासाठी येई. अशी खूण खोटी उठवणे किंवा खोडणे हा कलम ६३ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे, तर कलम ४१ ने वनोपजाच्या वाहतुकीवर नियम घालण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आणि त्यातून वाहतूक परवान्याची पद्धत रूढ झाली. लाकडावरची खूण लाकडाबरोबर टिकत असे. परंतु बांबू, तेंदूपाने किंवा मोहफुले यांच्यावर घाव घालता येत नसल्याने त्यांची ओळख सांगण्याचे काम कागदाकडे आले.

त्या कागदाला विश्वासार्हता देणारी लाख हीसुद्धा वनोपजच होती. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे कीटक जी राळ स्रवतात, ती तापवली की मऊ होते, मोहरेचा ठसा स्वीकारते आणि थंड होताच तो ठसा घट्ट धरून ठेवते. उष्णतेने आपली अवस्था बदलणारा पातळ थर खुणेचा वाहक होऊ शकतो, हे तत्त्व लाखेच्या मोहरेत होतेच. पुढे रसायनशास्त्राने ते वेगळ्या मार्गाने कागदाच्या पृष्ठभागावर आणले.

दरम्यान या प्रदेशातला बांबू स्वतःच कागद होऊ लागला होता. बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही थापर समूहाची कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि वर्धा नदीकाठच्या तिच्या गिरणीला शासनाशी झालेल्या करारांनुसार सवलतीच्या दराने बांबू मिळू लागला. १९७५ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीज हे नाव घेतलेल्या या कंपनीने २००१ साली पुणे जिल्ह्यातील भिगवणचा लेपित कागदाचा कारखाना ताब्यात घेतला. लेपित कागद म्हणजे चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांची बारीक पूड स्टार्च किंवा लॅटेक्ससारख्या बंधकात कालवून ज्यावर तिचा पातळ थर चढवलेला असतो, असा कागद. या थरामुळे तंतूंमधल्या खाचा बुजतात आणि छपाई रेखीव उठते.

उष्णतेने छापल्या जाणाऱ्या लेबलाचा लेप याच्या एक पाऊल पुढे जातो, कारण त्यात शाई बाहेरून येत नाही, ती लेपातच दडलेली असते. या लेपात एक रंगहीन रंजकद्रव्य आणि त्याला रंग आणणारे सौम्य आम्लधर्मी विकासक द्रव्य हे दोन्ही सूक्ष्म घन कणांच्या रूपात शेजारी शेजारी असतात; छपाई यंत्राच्या शीर्षातील बारीक तापक बिंदू, जे अनेक यंत्रांत दर मिलिमीटरला आठ असतात, कागदाला टेकले की तेवढ्याच जागेचे कण वितळून एकत्र येतात आणि काळा ठिपका उमटतो. लेपाखाली उष्णता अडवणारा आधारथर देतात, म्हणजे ती कागदात न मुरता लेपातच कामी येते, आणि वरून संरक्षक थर दिल्यास तेल, पाणी व घर्षण यांपासून अक्षरांचा बचाव होतो.

दोन्ही बाजूंनी छापायचे झाल्यास हा लेप कागदाच्या दोन्ही पृष्ठांवर चढवून समोरासमोरच्या दोन शीर्षांमधून कागद नेतात. मात्र एका बाजूची उष्णता आरपार जाऊन दुसरी बाजू काळवंडू नये म्हणून मधला कागद आणि आधारथर पुरेसे उष्णतारोधक ठेवावे लागतात किंवा दोन्ही लेपांची रंग येण्याची तापमाने वेगवेगळी ठेवावी लागतात. एनसीआर या अमेरिकी कंपनीने २००७ च्या सुमारास अशी दुहेरी छपाई दुकानांच्या पावत्यांसाठी बाजारात आणली. लेबलाच्या बाबतीत मागची बाजू चिकटद्रव्याने व्यापलेली असल्याने दुसरी छपाई बहुधा सोलून काढायच्या अस्तरावर होते, आणि त्यामुळे एका तुकड्यावर पत्ता व दुसऱ्यावर मालाचा तपशील देता येतो. विकासक म्हणून वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल ए या द्रव्यावर आरोग्याच्या कारणास्तव युरोपीय संघाने २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे.

खुणेच्या साधनात असे बदल होत असताना तिच्या अधिकाराचा प्रश्न गडचिरोलीतच निर्णायकपणे पुढे आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या ग्रामसभेच्या बळावर, कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीला विरोध केला होता. जुन्या कायद्याने बांबूला वृक्षांच्या व्याख्येत बसवले होते, परंतु वनहक्क कायदा, २००६ ने त्याला गौण वनोपज मानून त्याची मालकी वननिवासींना दिली. या कायद्याखाली मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूचा कागद होत होता, त्याच बांबूच्या प्रवासाचा कागद लिहिण्याचा अधिकार अशा रीतीने गावाकडे आला.

या इतिहासातून आजच्या ग्रामसभांना उपयोगी पडणारा एक व्यवहारी धडा मिळतो. मध, मोहफुले किंवा बांबूच्या वस्तू बाजारात पाठवताना उष्णतेने छापलेले लेबल स्वस्त आणि सोयीचे ठरते, कारण त्याला शाई किंवा फीत लागत नाही. परंतु ऊन, तेल आणि प्लास्टिकमधली काही द्रव्ये यांनी त्याची अक्षरे पुसट होतात, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही. मालाची ओळख गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली की लेबलाचे काम संपते, हक्काच्या पुराव्याचे काम मात्र तेथे संपत नाही; म्हणून परवान्याची स्थळप्रत, तोडीची नोंद आणि विक्रीचा हिशेब हे टिकाऊ शाईने, चांगल्या कागदावर आणि ग्रामसभेच्याच दप्तरात राहिले पाहिजेत. ज्या समाजाला मालकी सिद्ध करण्यासाठी इतकी दशके झगडावे लागले, त्याने मिळवलेला पुरावा काही महिन्यांत विरून जाणाऱ्या लेपावर सोपवणे योग्य होणार नाही.