पिंपाच्या तळाचा खुराक

भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीसारख्या धानाच्या गावात वर्गात विचारून पाहा : भरडाईनंतर निघालेला कोंडा कुठे जातो? 'जनावरांना' हे उत्तर लगेच येईल. पांढरा तांदूळ आपण ठेवतो, आणि कोंड्यातले थायमिन हे जीवनसत्त्व गोठ्यात जाते. यीस्टची, म्हणजे किण्वाची, कथाही काहीशी अशीच आहे.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवताना ती स्वतःही वाढते. त्यामुळे बिअरच्या पिंपात घातले त्याहून कितीतरी जास्त यीस्ट शेवटी तळाशी साचते. हा गाळ वाळवला तर त्यात साधारण ४० ते ५० टक्के प्रथिने आणि ब गटातली बरीच जीवनसत्त्वे मिळतात.

डुकराला याचा उपयोग का, हे त्याच्या पोटावरून कळते. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव तिच्यासाठी प्रथिने व ब जीवनसत्त्वे तयार करतात. डुकराचे पोट मात्र आपल्यासारखे एककप्पी. त्याला ती खाद्यातूनच मिळावी लागतात. धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, यीस्टमध्ये ते भरपूर असते. उलट, यीस्टमध्ये मेथिओनिन कमी पडते. म्हणून यीस्ट पूरक म्हणून चालते, पण सगळा खुराक त्याचाच करता येत नाही.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत बाहेरून येणारे पशुखाद्य आटले. धान्य-बटाटे माणसांनी खायचे की डुकरांनी, असा प्रश्न उभा राहिला. १९१५ मध्ये लाखो डुकरे कापली गेली, पण पुढे मांसाची आणि चरबीची टंचाई वाढतच गेली. बर्लिनमध्ये माक्स डेलब्रुक आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने विचार करत होते. साखर कारखान्यातली मळी आणि अमोनियाचे क्षार यांवर त्यांनी खाद्यासाठी यीस्ट वाढवले. क्षारांतला नायट्रोजन काही तासांत प्रथिनात बांधला जात होता. त्यासाठी शेत लागत नव्हते आणि पावसाची वाटही पाहावी लागत नव्हती.

हाच गाळ मुंबईत माणसांच्या कामी आला. गरोदर स्त्रियांमधल्या एका गंभीर रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी ल्युसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही गुण आला. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वापरलेला अर्क होता मार्माइट, बिअरच्या गाळापासून बनणारा स्वस्त पदार्थ. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक आम्ल, हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. त्याच दशकात येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत ते प्रयोगशाळेत तयार केले.

१९५० च्या सुमारास, वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत सुरू झाली. पण त्यामुळे औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढू लागले. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर थांबवला. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. पर्याय शोधताना लक्ष पुन्हा यीस्टकडे वळले. या वेळी प्रथिनांपेक्षा त्याच्या पेशीभित्तिकेला महत्त्व आले. तिच्यातल्या मॅनन शर्करांना काही रोगजंतू चिकटतात आणि आतड्याला न चिकटता बाहेर पडतात.

हा उपाय मात्र सर्व वयांत सारखा लागू पडत नाही. नुकत्याच दूध तोडलेल्या पिलांमध्ये फायदा अधिक दिसतो. वाढत्या आणि विक्रीला आलेल्या डुकरांत आतडे व त्यातले सूक्ष्मजीव स्थिरावलेले असतात, तिथे प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

म्हणून 'यीस्ट दिले आणि डुकरे वाढली' असे कोणी सांगितले, तर विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते : यीस्ट न दिलेली, पण बाकी सारे तेच खाणारी डुकरे किती वाढली?