पेठ, तालीम आणि फुटबॉल

बुलढाण्याच्या अथवा खामगांवच्या एखाद्या शाळकरी मुलास ‘तुझा फुटबॉलचा संघ कोणता?’ असें विचारलें तर तो बहुधा बार्सिलोना किंवा मँचेस्टर येथील संघाचें नांव सांगेल. हें नांव त्यानें टेलिव्हिजनच्या पडद्यावरून उचललेलें असतें. एखाद्या खेळाडूची चाल मनांत भरली, त्याच्या सदऱ्याचा रंग आवडला, कीं तो संघ आपला झाला. हाच प्रश्न कोल्हापूरच्या जुन्या पेठेंतील मुलास विचारला तर तो विचारणाराकडे जरा चमत्कारिक दृष्टीनें पाहील. आपलें आडनांव कोणीं निवडलें, असें का कोणी विचारतें? संघ त्याला घराबरोबरच मिळालेला असतो.

हा फरक कां पडावा, याचें उत्तर फुटबॉलच्या इतिहासापेक्षां तालमीच्या इतिहासांत अधिक सांपडतें.

तालीम वऱ्हाडास परकी नाहीं; तिकडे तिला आखाडा म्हणतात, इतकेंच. परंतु वऱ्हाडांत त्या परंपरेला वेगळें वळण लागलें. अमरावतीस १९१४ सालीं निघालेलें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हें त्याचें ठळक उदाहरण होय. आखाड्याच्या मातींतून तेथें व्यायामविद्येची एक मोठी संस्था उभी राहिली आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. अशा संस्थेंत विद्यार्थी येतो, शिकतो आणि आपल्या गांवीं परत जातो. तिच्याविषयीं अभिमान सर्वांस वाटतो; तिच्या नांवानें एक गल्ली दुसऱ्या गल्लीशीं अबोला धरीत नाहीं.

कोल्हापुरांत तालीम पेठेंतच राहिली. शाहू महाराजांनीं १८९४ पासून १९२२ पर्यंतच्या आपल्या कारकीर्दींत मल्लविद्येला जो उदार आश्रय दिला, तो प्रसिद्धच आहे. १९१२ सालीं खुलें झालेलें खासबागेचें कुस्तीचें मैदान आजहि त्याची साक्ष देतें. परंतु तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौदा नव्हे. पहांटे तेथें जोर-बैठका व्हावयाच्या आणि सायंकाळीं तिच्याच कट्ट्यावर पेठेचीं सुखदुःखें बोलावयाचीं. गणपति तेथेंच बसावयाचा. कांहीं तालमींत मोहरमचे पंजेहि बसतात, आणि दोन्ही उत्सवांस माणसें तींच. मदतीस धांवणें, मयतास खांदा देणें, वर्गणी काढणें हीं कामें तालमीच्या पोरांचीं. थोडक्यांत, चेंडू येण्यापूर्वींच ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हा भेद तेथें पक्का झालेला होता.

संस्थानी काळांत फुटबॉलचा खेळ कोल्हापुरांत रुजला, त्यास राजघराण्याचा आश्रय मिळाला आणि १९४० सालीं कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. खेळ इंग्रजी, नियम इंग्रजी. पण संघाचीं नांवें पाहावीं. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, संयुक्त जुना बुधवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ! हीं नांवें ऐकून परक्यास कुस्त्यांचीच यादी वाचली जात आहे, असा भ्रम व्हावा. नव्या खेळानें नवे भक्त मिळविले नाहींत. जुन्या निष्ठांनींच त्या खेळाला आपल्या पदरांत घेतलें. म्हणूनच शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे जन्मांत कधीं चेंडूस पाय न लावलेला वृद्धहि पायऱ्यांवर येऊन बसतो. त्याला खेळांतले डावपेंच कळतात कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे; समोर आपली तालीम उतरली आहे, एवढें त्याला कळतें. या निष्ठेला दुसरी बाजूहि आहे. समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या, सामने अर्धवट थांबवावे लागले. त्याचें कौतुक करण्याचें कांहीं कारण नाहीं.

इंग्लंडांतहि मूळ प्रकार फारसा निराळा नव्हता. आर्सेनल हा १८८६ सालीं वुलिच येथील तोफखान्याच्या कामगारांनीं काढलेला संघ, तर आजच्या मँचेस्टर युनायटेडचा मूळपुरुष म्हणजे १८७८ सालचा न्यूटन हीथच्या रेल्वे-कामगारांचा संघ. ग्लासगोचा सेल्टिक १८८७ सालीं एका धर्मबंधूनें गरीब आयरिश वस्तीच्या मुखीं घांस पडावा म्हणून स्थापिला.

कलकत्त्याची कथा तर अधिक हृदयस्पर्शी आहे. मोहन बागान १८८९ चा. १९११ सालीं बहुतेक अनवाणी खेळाडूंच्या या संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून शील्ड जिंकली, तेव्हां त्याचा जयघोष बंगालबाहेरहि झाला. पुढें १९२० सालीं एका खेळाडूस सामन्यांतून वगळल्याच्या रागांतून ईस्ट बंगाल क्लब जन्मास आला. भांडण क्षुल्लक; पण १९४७ च्या फाळणीनंतर घरदार पद्मेपलीकडे सोडून आलेल्या कुटुंबांना त्या क्लबाच्या नांवांत आपलें हरवलेलें गांव सांपडलें. ईस्ट बंगाल जिंकला कीं हिलसा मासा आणि मोहन बागान जिंकला कीं कोळंबी, हा तेथला रिवाजच पडला. निर्वासिताच्या नातवानें पद्मा पाहिलेलीहि नसेल. संघ मात्र तोच.

याउलट मुंबईची स्थिति. रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथें १८९१ सालीं सुरू झाली, मोठमोठ्या कंपन्यांनीं उत्तम संघ बाळगले. महिंद्र युनायटेडनें २००५–०६ सालीं राष्ट्रीय लीगचें विजेतेपद मिळविलें, आणि २०१० सालीं तो संघ बंद करण्यांत आला. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीचा संघ असा एका ठरावानें बंद होईल, हें पेठेला खरेंहि वाटणार नाहीं.

मग खामगांवच्या त्या मुलाची निष्ठा खोटी म्हणावी काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ऑगस्ट २०२१ मध्यें मेस्सीनें बार्सिलोना सोडलें, तेव्हां अशा असंख्य मुलांना प्रथमच विचार करावा लागला: आपण खेळाडूचे कीं संघाचे? कांहींनीं सदरा बदलला. कांहींनीं नाहीं, आणि न बदलण्यास त्यांना ना पेठेचा धाक होता, ना घराण्याचा.

इकडे कोल्हापूरहि पसरत चाललें आहे. पेठेंतलीं कुटुंबें उपनगरांत राहावयास गेलीं. सामन्याच्या दिवशीं बाप मुलास गाडीवर मागें बसवून जुन्या तालमीवर येतो आणि तेथून मंडळींबरोबर स्टेडियम गांठतो. मुलाचा जन्म पेठेंतला नाहीं, तालमीच्या मातीस त्याचा पाय लागलेला नाहीं; घरीं त्याच्या खोलींत बार्सिलोनाचें चित्र लावलेलें आहे. पायऱ्यांवर मात्र तो बापाच्या शेजारीं, बापाच्याच संघाच्या नांवानें ओरडत असतो.