दिव्यांगांना नोकरीत मिळणारी ‘वाजवी सोय’ म्हणजे नेमकं काय?

नोकरी लागली, पण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही आणि नवा कर्मचारी व्हीलचेअर वापरतो. किंवा ऑफिसचं सॉफ्टवेअर असं आहे, की अंध कर्मचाऱ्याच्या स्क्रीन रीडरला त्यातलं एकही बटण वाचता येत नाही. अशा वेळी बदल कुणी करायचा, कर्मचाऱ्यानं की ऑफिसनं?

याचं उत्तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते फक्त ७ होते.

वाजवी सोय म्हणजे काय?

इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून एखाद्या व्यक्तीसाठी केलेला आवश्यक बदल, म्हणजे वाजवी सोय. उदाहरणार्थ:

• अंध व्यक्तीसाठी स्क्रीन रीडर. ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो.
• कर्णबधिर व्यक्तीसाठी मीटिंगमध्ये सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा लेखी सूचना.
• व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी रॅम्प किंवा तळमजल्यावर टेबल.
• मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यासाठी कामाच्या वेळेत सवलत.

याला मर्यादाही आहे. हा बदल ऑफिसवर अवाजवी भार टाकणारा नसावा. छोट्या ऑफिसला लिफ्ट बसवणं कदाचित झेपणार नाही, पण टेबल खाली हलवणं सहज जमू शकतं.

सरकारी आणि खासगी नोकरीत फरक काय?

सरकारी आस्थापनांवर वाजवी सोय देण्याचं थेट बंधन आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी तिथे ४ टक्के आरक्षणही आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही. आधीचं काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं.

खासगी कंपन्यांना हे आरक्षण लागू नाही. पण प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. दिव्यांगांना कोणत्या सुविधा मिळतील हे त्या धोरणात लिहावं लागतं. त्यामुळे जॉइन होताना एचआरकडे हे धोरण जरूर मागा.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर?

आरक्षण मिळत नाही, पण सोय मागता येते. यूपीएससीच्या एका उमेदवाराला ‘रायटर्स क्रॅम्प’ म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून त्याला लेखनिक नाकारण्यात आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं कोर्टानं स्पष्ट केलं.

ऑफिसबाहेर कोणता आधार मिळतो?

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून करा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यावर सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि प्रमाणपत्र व कार्ड मिळतं. केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून पात्र व्यक्तींना व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांसारखी साधनं मिळतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे.

सोय मागायची कशी?

१. मागणी लेखी करा. ईमेल सगळ्यात सोयीचा.
२. कुठे अडतंय आणि काय हवंय, हे नेमकं लिहा. ‘मला त्रास होतो’ यापेक्षा ‘हजेरीचं ॲप स्क्रीन रीडरवर चालत नाही, दुसरी पद्धत द्या’ हे जास्त उपयोगी.
३. नकार मिळाला, तर तोही लेखी मागा.
४. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथे काम झालं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे.

आयुक्त शिफारस करतात. त्यावर काय कारवाई केली, हे संबंधित यंत्रणेला ३ महिन्यांत कळवावं लागतं आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं. इथेच तुमचे जुने ईमेल कामाला येतात. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं जपून ठेवा.