कुलूप, साखळी आणि संमती

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतील एरवाडी या गावी, मनोरुग्णांना ठेवलेल्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. आतील अनेक रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. ज्वाला दिसत होत्या, पण पळता येत नव्हते. या आगीत २८ जणांचा अंत झाला. आजारी माणसाला बांधून ठेवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हा प्रश्न त्या दिवशी साऱ्या देशापुढे उभा राहिला. तो प्रश्न मात्र जुनाच होता.

१८५८ साली हिंदुस्थानात वेडाविषयी तीन कायदे झाले. त्यांपैकी एक तर केवळ वेड्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी होता. १९१२ च्या कायद्याने हे सर्व एकत्र आणले. इस्पितळात ठेवण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देई. नातेवाइकाच्या अर्जासोबत डॉक्टरांचे दोन दाखले लागत. मालमत्तेच्या लोभाने शहाण्या माणसाला वेडा ठरवू पाहणाऱ्या आप्तांना त्यामुळे थोडाफार आळा बसे, हे मान्य केले पाहिजे. परंतु रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसाने धरून मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, अशीही तरतूद त्यात होती. दुखणे आणि गुन्हा यांची वाट अशी एकाच कचेरीतून जाऊ लागली.

स्वातंत्र्यानंतरही हा कायदा दीर्घकाळ चालू राहिला. १९८७ साली नवा कायदा संमत झाला व १९९३ मध्ये तो अमलात आला. त्याच वर्षी शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे. पुढे १९९७ मध्ये ग्वाल्हेर, आग्रा व रांची येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले.

२०१७ चा कायदा २०१८ पासून लागू झाला आणि प्रश्नाची दिशाच पालटली. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली. भूल दिल्यावाचून विजेचे झटके देणेही निषिद्ध ठरविले. आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवावे आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमावा, असा हक्क दिला. तक्रार ऐकण्यासाठी पुनरावलोकन मंडळांची योजना केली.

तरीही पेच सुटलेला नाही. ज्याची विचारशक्तीच आजाराने झाकोळली आहे, त्याची संमती कशी घ्यावी? रात्रभर जागणाऱ्या आईला मुलाच्या जिवाची धास्ती असते. मुलाला आपण आजारी आहोत हेच पटत नसते. अशा वेळी कायदा काही काळापुरती सक्ती मान्य करतो, पण तिला मुदत घालतो आणि प्रतिनिधीचा अर्ज व तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी यांच्या अटी लावतो.

दीडशे वर्षे कायदा विचारीत आला, ‘याला कोठे ठेवावे?’ आता तो विचारतो, ‘याला काय हवे आहे?’ हा दुसरा प्रश्न रुग्णाच्या खाटेशी बसून, उत्तराची वाट पाहण्याइतक्या धीराने कोणीतरी विचारला पाहिजे. तेवढे घडले नाही, तर साखळी जाईल आणि कुलूप तसेच राहील.