तळटीप : ‘गावठी गुलाब’

‘गावठी’ हा शब्द मूळ मजकुरातला म्हणून तसाच ठेवला आहे. त्याचा अर्थ ‘कमी प्रतीचा’ असा मात्र घेऊ नये. १८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा गुलाब आला, आणि त्याआधी जी कुळे होती त्यांना जुने, वारशाचे गुलाब म्हणायची प्रथा पडली. आपल्याकडे हारांत आणि गुलकंदात जाणारा एडवर्ड गुलाब बूर्बों कुळातला, १९व्या शतकाच्या पूर्वार्धातला. तो या मर्यादेच्या आत सहज बसतो. दमास्क तर त्याहून कितीतरी प्राचीन. हे गुलाब बाहेरून आले, मग गावठी कसे, असा आक्षेप रास्त आहे. पण दमास्कच मुळात तीन जातींचा संकर असल्याचे २००० साली डीएनए तपासणीतून दिसले. शुद्ध मूळ शोधू गेल्यास हाती फार थोडे गुलाब लागतील. गावठीपण रुजण्यावर ठरते.

दुसरा आक्षेप असा, की या फुलांचा देठ आखूड, पाकळ्या लवकर गळणाऱ्या. खरे आहे. फुलदाणीसाठी निवड करताना पैदासकारांनी लांब देठ आणि टिकाऊपणा पाहिला, आणि बऱ्याच वाणांत सुगंध मागे पडला. गुलकंदाला मात्र सुगंधच लागतो. शिवाय एडवर्डच्या खुंटावर डोळा भरून नवे गुलाब वाढवतात. वरचे कलम मेले की खालून फुटतो तो हाच जुना गुलाब, आणि माळी त्याला ‘रानटी’ समजून छाटतात.